दुनळीला घरचा स्क्रू ड्रायव्हर? हात जोडतो!

‘बंदुकीचे स्क्रू घरच्या घरी खोला, गनस्मिथचे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याचे) पैसे वाचवा’ असा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. फिरेना का. पण निवडणुकीनंतर पोलीस ठाण्यातून सोडवून आणलेली आजोबांची दुनळी समोर घेऊन दिंडोरीचे मामा फोनवर विचारायला लागले, “अरे, कुठला स्क्रू ड्रायव्हर आणू?” तेव्हा मात्र डोकं फिरलं. आम्ही नाशिककर, देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे म्हणून सगळेच हत्यारतज्ज्ञ!

मेसेज म्हणतो, खाचेत शिरेल तो चपटा स्क्रू ड्रायव्हर चालतो. नाही चालत. घरच्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद, सरळ भिंतींची. पातं आत जातं, पण सगळा जोर येतो तो खाचेच्या वरच्या दोन कडांवर. पीळ दिला की पातं उसळतं, कड फाटते, काळ्या डोक्यावर पांढरी चकाकी उमटते आणि बोट फिरवलं की उचकटलेल्या धातूची बारीक कड टोचते. घसरलेलं पातं शेजारच्या नक्षीवर ओरखडा काढतं तो वेगळाच. पातं समांतर बाजूंचं हवं. जाडी खाच भरून टाकणारी आणि रुंदी स्क्रूच्या डोक्याइतकी किंवा केसभर कमी. सैल बसलं तर म्हणे कागदाची घडी घाला. धन्य!

‘टपारिया कंपनीचा स्क्रू ड्रायव्हर आपल्या सातपूरचा, मग भीती कसली?’ अहो, मजबुतीचा वाद नाहीच. इलेक्ट्रिकच्या कामाला तो उत्तम. इथे प्रश्न पात्याच्या आकाराचा आहे.

घट्ट स्क्रूला ड्रिल मशीन लावा, हा सल्ला तर शुद्ध आगाऊपणा. स्क्रू सुटतोय की डोकं तुटतंय, हे हाताला कळतं, मशीनला नाही. तेल सोडा, रात्रभर थांबा.

स्क्रू ड्रायव्हरच्या चुंबकी बिटने (सुट्या पात्याने) बंदूक बिघडते म्हणे. काही बिघडत नाही, चिकटलेला लोखंडाचा कीस पुसा म्हणजे झालं.

महागडा परदेशी सेट लागतोच असं नाही, एवढं मात्र त्यात खरं आहे. साधं पातं ऑइलस्टोनवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, घासून समांतर करता येतं. ग्राइंडरवर धरलंत आणि निळं पडलं, तर टेंपर, म्हणजे पोलादाचा कणखरपणा, गेला.

आता जे मेसेजमध्ये नाहीच ते. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का बघा, हे एका शब्दाने नाही! आणि शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ काढून वाचा. निर्मिती, विक्री यांच्याच रांगेत ‘दुरुस्ती’ आहे आणि तिलाही परवाना लागतो. मामांचं लायसन्स बंदूक बाळगण्याचं आहे, दुरुस्तीचं नाही. नळी पुसा, तेलाचा हात फिरवा, कोण अडवतंय? चापाच्या आतलं यंत्र उघडायचं ते परवानाधारक गनस्मिथनेच. तिथेही आधी त्याची पाती बघून घ्या. निमुळती दिसली तर दुनळी उचला आणि दुसरा गाठा.