ख्रिस्ती शेजारी पाळण्याविषयी काही सूचना

डिसेंबर उजाडला की सोसायट्यांपुढे एक अडचण उभी राहते. दुसऱ्या मजल्यावरचे काका वर्षभर देखभाल खर्च वेळेवर भरतात, गणपतीची वर्गणी न मागता देतात आणि मग अचानक ख्रिस्ती निघतात. जिन्याच्या खिडकीत तारा टांगतात. या वेळी आमचा तारा तिसऱ्या दिवशी उतरवावा लागला. 'सामाईक जागेत धार्मिक चिन्ह नको' असा निरोप होता, अगदी गोड शब्दांत. 'गैरसमज नसावा' हे त्यात दोनदा होतं. तेव्हा जाणवलं की असा शेजारी कसा हाताळावा याचं धड मार्गदर्शन कुठे मिळत नाही. सत्तरी ओलांडलेला, म्हणजे बरीच वर्षं पाळला गेलेला, एक ख्रिस्ती या नात्याने ते देणं माझं कर्तव्य आहे.

तारा उतरवायचा तर आधी तो ओळखता आला पाहिजे. बांबूच्या दहा काड्या घेतात. पाच-पाच काड्यांच्या दोन चांदण्या करून टोकाला टोक बांधतात आणि पोट फुगावं म्हणून आतल्या पाच सांध्यांत आखूड पाच काड्या आडव्या ठोसतात. या पाच सारख्या लांबीच्या नसल्या की तारा एका अंगाला मुरडतो. वरून पतंगाचा कागद किंवा जिलेटीन, खळीने चिकटवलेला. आत शून्याचा बल्ब. चाळीसचा लावला तर कागद करपतो. आता तुम्ही म्हणाल, आकाशकंदीलही असाच होतो की. होतो. तोच बांबू, तोच कागद, तीच खळ, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच दुकानात टांगलेले. म्हणून आकारावर जाऊ नका, कॅलेंडर बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात टांगलेली वस्तू ही संस्कृती. डिसेंबरात टांगलेली तीच वस्तू हे धार्मिक चिन्ह. दिवाळीचा कंदील नाताळापर्यंत तिथेच लोंबत राहिला, कागद फाटून नुसता सांगाडा उरला, तरी त्याला हात लावायचा नाही. भावना असतात.

जिन्याच्या वळणावर कोपऱ्यात ज्या देवांच्या फरशा बसवल्यात, त्या या नियमातून वगळा. गणपती, साईबाबा, मक्का, गुरू नानक आणि क्रूसावरचा येशू अशी ओळ असते बघा, जमिनीपासून हातभर उंचीवर. तिथे सामाईक जागेत क्रूस चालतो. पान खाऊन कुणी पिंक टाकू नये एवढ्यासाठी सगळे धर्म एका रांगेत उभे केलेले आहेत. राष्ट्रीय एकात्मता म्हणतात ती हीच.

ओळख झाल्याबरोबर, पहिल्या पाच मिनिटांत, 'तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' हे म्हणून टाका. समोरच्याच्या घरात सात पिढ्या मराठीशिवाय दुसरी भाषा बोलली गेली नसेल तरी तो हसून 'धन्यवाद' म्हणतो. सवय आहे. आडनाव गायकवाड किंवा साळवे निघालं तर 'अरे, मग तुम्ही ख्रिश्चन कसे?' हा दुसरा प्रश्न. आणि मराठी भाषा गौरव दिनाला 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही ओवी सोसायटीच्या फलकावर जरूर लिहा. फक्त खाली कवीचं नाव नको. तो फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री, ओवी त्याच्या ख्रिस्तपुराणातली आणि साल १६१६. फलकाची शोभा जाते.

'तांदळाच्या पोत्यासाठी बाटलात' असं म्हणताना, दुष्काळात तांदूळ कोणाच्या कोठारात होता आणि त्याने तो का दिला नाही, या खोलात शिरू नका.

लोकसंख्येचा मुद्दा मात्र ठणकावून मांडा. ख्रिस्ती लोक झपाट्याने वाढताहेत, देश गिळणार आहेत. १९५१च्या जनगणनेत देशात शेकडा २.३ होते, २०११च्या जनगणनेत शेकडा २.३ आहेत. महाराष्ट्रात तर शेकडा एकही भरत नाहीत, तरी निवडणूक आली की त्यांच्या एकगठ्ठा मतांची चर्चा होते. गठ्ठा बांधायला निदान एका दोरीपुरते कागद तरी लागतात, पण असो. यावर तुमचं उत्तर तयार असेल: 'खरे आकडे लपवलेले आहेत, कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती.' हे उत्तर जपून ठेवा. पुढे लागणार आहे.

आता मुख्य विषय, घरातली प्रार्थना. हिची लक्षणं दाराबाहेर दिसतात. चपला मोजा. सत्यनारायणाला चाळीस जोड चालतात, भिशीला वीस. ख्रिस्ती माणसाच्या दाराशी बारा जोड दिसले आणि आतून पेटी-तबला ऐकू आला, की समजा धर्मांतर चाललंय. आत कुणाच्या सत्तराव्या वाढदिवसाची आभारप्रार्थना असेल, कुणाच्या मयताला महिना झाला असेल, पाळकबाईंच्या बरोबर म्हाताऱ्या बायका ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन म्हणत असतील. चौकशी करत बसू नका, आधी फोन करा. मग हवालदार येतो, चपला ओलांडून आत जातो आणि चहा घेऊन परत जातो. हे झालं चांगल्या ठिकाणी. सगळी ठिकाणं चांगली नसतात.

कायद्याची नावं पाठ असू द्या. ओडिशाचा १९६७चा, मध्य प्रदेशचा १९६८चा. एकाचं नाव 'धर्मस्वातंत्र्य' कायदा, दुसऱ्याचंही तेच. स्वातंत्र्य हा शब्द बंदीच्या कामी किती चांगला येतो ते बघा. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्माच्या प्रसाराचाही हक्क आहे असं कुणी म्हटलं तर १९७७चा स्टॅनिस्लॉस खटला काढा: प्रसार करा, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. 'प्रसार' हा शब्द तिथे यायला संविधान सभेत सोमनाथ मंदिराच्या उभारणीसाठी झटणाऱ्या कन्हैयालाल मुन्शींनीच आधार दिला होता, ते सांगायची गरज नाही. उत्तर प्रदेशचा २०२१चा कायदा तर नमुना म्हणून घ्यावा असा. ज्याला धर्म बदलायचाय त्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. मग या माणसाचा खरा हेतू काय, कारण काय, हे शोधायला पोलीस नेमायचे. म्हणजे परमेश्वरालाही जे ओळखायला आयुष्यभर वाट बघावी लागते, ते ठाण्याचा जमादार सुट्ट्या धरून साठ दिवसांत शोधणार. २०२४ पासून तक्रार कुणीही करू शकतो, घरचाच माणूस असला पाहिजे असं नाही. आणि आधीच्या धर्मात परत जाणं हे मात्र धर्मांतर धरलं जात नाही. रस्ता एकेरी आहे, पाटी मात्र 'स्वातंत्र्य मार्ग'.

जबरदस्तीने, फसवून, पैसे चारून कुणाला बाप्तिस्मा देणाऱ्याला तुरुंगात टाका. मी स्वतः साक्षीला येतो. असे लोक आमच्यात आहेत, 'हात ठेवला की कॅन्सर बरा' असं भोंग्यावरून सांगणारे, आणि त्यांनी आमचं जेवढं नुकसान केलं तेवढं तुम्हाला जमणार नाही. पण फसवणूक आणि धमकी हे गुन्हे फौजदारी कायद्यात आधीपासून आहेत. मग हा वेगळा कायदा कुणासाठी? चपला मोजणाऱ्यांसाठी.

आता ते जपून ठेवलेलं उत्तर काढा, कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती. हे का होतं माहितीय? १० ऑगस्ट १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश, परिच्छेद ३. अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असेल तरच अनुसूचित. १९५६ साली शीख घेतले, १९९० साली बौद्ध घेतले, दोन्ही योग्यच झालं. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. कारण काय, तर 'तुमच्या धर्मात जात नाही.' वा! म्हणजे माणूस त्याच वस्तीत राहतो, त्याच गटारीच्या काठाला, गावातले लोक त्याला त्याच नावाने हाक मारतात, पण बाप्तिस्म्याच्या ओंजळभर पाण्याने त्याची जात धुऊन निघाली असं सरकार लेखी मान्य करतं. येशूच्या सामर्थ्यावर एवढा विश्वास आमच्या बिशपांचाही नाही. मुलाची शिष्यवृत्ती जाते, नोकरीतली जागा जाते, अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षणही जातं. मारणाऱ्याला मात्र तो कोण हे पक्कं ठाऊक असतं. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली सांगितलं की ही धर्माची अट काढा. अहवाल पडला. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग बसला आणि त्याला मुदतवाढी मिळत गेल्या. तोवर त्या माणसाने काय करायचं? दाखल्यावर हिंदू लिहायचं आणि रविवारी मागच्या दाराने मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यायचं. आधी खोटं बोलायला लावायचं आणि मग खोटारडा म्हणायचं. यात उपरोध कुठून आणू? मला सुचत नाही.

बरं. आमच्या लोकांसाठीही सूचना आहेत, नाहीतर पक्षपात होईल.

नाताळला नगरसेवक केक घेऊन आला की फोटोत पुढे उभे राहा. तोच जानेवारीत मोर्च्यात काय बोलला ते विचारू नका, तोंडात केक असतो.

अमेरिकेतल्या कुठल्याशा पाद्र्याचा व्हिडिओ आला की वीस जणांना पाठवा. तिकडचा अध्यक्ष देवाने निवडलाय, इस्राएलचा झेंडा घरात लावला की आशीर्वाद मिळतो वगैरे. तिकडे गोऱ्या ख्रिस्ती माणसाने 'हा देश आमचा' म्हटलं की आपण आमेन म्हणायचं, आणि इकडे कुणी तेच वाक्य म्हटलं की संविधान काढायचं.

मणिपूरबद्दल बोलताना 'ख्रिस्ती विरुद्ध हिंदू' एवढंच बोला. मे २०२३ मध्ये जळलेल्या चर्चांत, बहुसंख्य हिंदू असलेल्या मैतेई समाजातल्या ख्रिस्ती लोकांची चर्चही होती, म्हणजे प्रकरण जमात, जमीन, आरक्षण आणि धर्म यांचं मिळून झालेलं आहे, हे सांगितलं तर प्रार्थनासभेत रडू येत नाही.

एकीबद्दल प्रवचन अवश्य द्या. देशाची फाळणी होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते तोच, २७ सप्टेंबर १९४७ रोजी, दक्षिणेतल्या वेगवेगळ्या पंथांनी मिळून एक चर्च केलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तरेतले सहा पंथ एक झाले. देश तुटत असताना जोडणारे लोक होते ते. त्यांच्या पोटच्यांनी पुढे काय केलं? मिशनच्या जमिनींवरून एकमेकांना कोर्टात खेचलं. दवाखान्याचा प्लॉट कुणाचा, शाळेचं मैदान कुणी विकलं, विश्वस्त खरे कोणते. आणि स्थळ बघताना 'मूळ कोण?' हा प्रश्न आम्हीही हळूच विचारतो. तामिळनाडूत तर दफनभूमीत मेलेल्यांच्या मध्येही जातीच्या भिंती बांधल्यात. सरकारला परिच्छेद ३ काढ म्हणायचं आणि आपल्या घरातला तो परिच्छेद तसाच ठेवायचा. लाज वाटली पाहिजे.

शेवटची सूचना, दोन्हीकडच्यांसाठी. देशभक्तीचा दाखला मागितला की ख्रिस्ती माणूस प्लास्टिकच्या पिशवीतून झेरॉक्स काढतो. हे रेव्हरंड टिळक. या पंडिता रमाबाई. हे काका बॅप्टिस्टा, लोकमान्यांचे वकील, १९१६च्या होमरूल लीगचे अध्यक्ष. हे हरेंद्रकुमार मुखर्जी, संविधान सभेचे उपाध्यक्ष. विधिमंडळात धर्माच्या नावाने राखीव जागा नकोत म्हणणारे. प्रत्येक कागद दोन प्रतींत. मीही आयुष्यभर हेच केलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात, कचेरीत, रेल्वेच्या डब्यात.

आता नाही करणार. ज्यांच्या घरात कुणी टिळक झाला नाही, ज्यांचा बाप वर्कशॉपमध्ये फिटर आणि आई सरकारी दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी करून तुमची बाळंतपणं उरकणारी, त्यांनी कुठला कागद दाखवायचा? आणि तुम्ही कोण मागणार? तुमच्याकडे कुणी मागितलाय कधी? २०२२ पासून प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याचा समारोप करणाऱ्या बीटिंग रिट्रीटमध्ये 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती गीत वाजत नाही. गांधीजींना आवडणारी धून. आमचं त्यावाचून अडत नाही, ती आम्ही मयताला म्हणतोच. पण ज्या देशाला स्वतःच्या ओळखीची एवढी भीती वाटते की बँडची एक धून आणि जिन्यातला कागदी तारा त्याला सहन होत नाही, त्या देशाला तोडायला बाहेरचा कुणी लागत नाही. तुम्ही बसल्या बसल्या मोबाईलवर ते काम करताय, सकाळच्या चहाबरोबर, आणि वर त्याला जागृती म्हणताय. शिकलेले लोक आहात. जरा तरी विचार करा.

तारा पुढच्या डिसेंबरात त्याच खिडकीत लागेल. हरकत असेल तर लेखी द्या, खाली सही करून, नाव घालून, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. 'काही सभासदांचं म्हणणं' असं चालणार नाही. आणि सचिवसाहेब, दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच्या फरशीवर कुणीतरी परवा पुन्हा थुंकलंय. क्रूस अर्धा लाल झालाय आणि गणपतीच्या सोंडेवरही शिंतोडे उडालेत. आधी ती धुऊन घ्या.