काळ्या मातीचा गिलावा तडकतो तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सिंधुदुर्गातल्या तांबड्या मातीच्या भिंतींवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. बार्शीजवळच्या शेतघराला रानातल्याच मातीत वाळू मिसळून गिलावा केला आणि आठवडाभरात काडेपेटीतली काडी जाईल एवढ्या भेगा पडल्या. बाटलीत माती पाण्याबरोबर ढवळून, बसू देऊन पाहिलं तेव्हा चिकणमातीचा थर पाचव्या हिश्शाचाच होता. म्हणून ‘दहा टक्के सिमेंट घातल्याशिवाय मातीचं बांधकाम करूच नये, असं स्पष्ट लिहा’ अशी तुमची मागणी. मजुरी वाया गेल्याची चीड मला पोचते. पण ते वाक्य मी लिहिणार नाही, आणि का ते सांगतो.

बाटलीतल्या चाचणीने चिकणमाती किती आहे ते कळतं, कुठल्या जातीची आहे ते कळत नाही. आणि आकसण्याची मुख्य भिस्त जातीवर आहे. कोकणातल्या जांभ्या, म्हणजे तांबड्या मातीत बहुतांश केओलिनाइट या जातीची चिकणमाती असते. त्याचे पापुद्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, मधे पाणी शिरू देत नाहीत. तुमच्याकडच्या, बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या दुसऱ्या जातीचा भरणा. त्याच्या पापुद्र्या-पापुद्र्यांमधे पाणी शिरतं. एक ग्रॅम केओलिनाइटचा पृष्ठभाग १० ते २० चौरस मीटर भरतो, माँटमोरिलोनाइटचा ७००-८०० पर्यंत जातो. एवढ्या पृष्ठभागाला धरलेलं पाणी उडालं की माती आकसणारच; चैत्रात तुमच्याच रानाला पडणाऱ्या भेगा बघा. त्यामुळे पाचवा हिस्सा तांबडी आणि पाचवा हिस्सा काळी यांची तुलनाच होत नाही.

माती आकसते तीही एका हद्दीपर्यंतच. कण एकमेकांना टेकले की थांबते; त्यानंतर पाणी गेलं तर त्या जागी हवा येते, आकार तोच राहतो. जाडी वाळू घालायची ती याचसाठी. दाण्याला दाणा टेकला की आकसायला जागाच उरत नाही. बारीक, गाळवट वाळू हे काम करत नाही. पाण्याचंही तसंच. साच्यात ठोकून उभारलेल्या भिंतीला माती नुसती ओलसर लागते, साधारण दहा टक्के पाणी. गाऱ्याला त्याच्या दुपटीहून जास्त. त्यात थापायला सोपं जावं म्हणून वरून आणखी पाणी ओतलं जातं, आणि भेगांची तयारी तिथेच होते.

आकसणं आणि तडकणं या मात्र दोन गोष्टी आहेत. मोकळी वस्तू आकसली तर नुसती लहान होते, धरून ठेवलेली तडकते. कच्च्या विटा पाडून, पूर्ण वाळवून मगच भिंतीत घालण्याची पद्धत यावर बेतलेली आहे. विटेचं आकसणं बाहेर उन्हातच उरकतं, भिंतीत आकसायला उरतो तो सांध्यातला गारा. मला ही युक्ती फार मोठी वाटते. गिलाव्याला ती सोय नाही, तो थापल्या क्षणापासून भिंतीला बांधलेला. म्हणून त्यात भुसा किंवा काड. त्याने एका रुंद भेगेऐवजी केसासारख्या अनेक भेगा पडतात आणि त्या पुढच्या पातळ हाताने बुजतात.

आता सिमेंट. वाळूमय मातीत ते चांगलं काम करतं. काळ्या मातीची ढेकळं मात्र नीट फुटत नाहीत. सिमेंट ढेकळाभोवती बसतं, आतली माती फुगत-आकसत राहते. तिथे चुना हवा. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवर बसतं, त्यांची पाणी धरण्याची ताकद घटते, माती भुसभुशीत होते आणि पुढे काही आठवड्यांत घट्टपणाही येऊ लागतो. तरी माझं मत विचाराल तर घराला काळी नकोच, मुरमाड माती मागवा. पांढऱ्या मातीसाठी, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीसाठी, जुनं टेकाड खणू नका, ही कळकळीची विनंती. तेरसारख्या गावी अशा टेकाडांत सातवाहनकाळाची वस्ती पुरलेली आहे.

कुठलीही माती आणा, आधी ॲलकॉकची पेटी करा, म्हणजे माती किती आकसते ते मोजायचा साचा. आतून ६० सेंटिमीटर लांब, ४ रुंद, ४ खोल, लाकडी, आतून तेल लावलेली. थापणार तोच गारा तिच्यात दाबून भरा. तीन दिवस उन्हात किंवा सात दिवस सावलीत वाळवा, मग वाळलेली पट्टी एका टोकाला सरकवून फट मोजा. १२ मिलिमीटर म्हणजे २ टक्के. मातीच्या गिलाव्याच्या जर्मन मानकात, डीआयएन १८९४७ मध्ये, बिनकाडाच्या गाऱ्याला हीच मर्यादा आहे. काड घातलं असेल तर ३ टक्के.

सध्याचा गिलावा सरसकट उतरवू नका. वाजवून पोकळ लागतो तेवढाच काढा. भिंत ओली करून दोन-दोन फुटांच्या चौकोनांत तीन वेगळ्या प्रमाणांचे नमुने थापा आणि ऊन-वारा लागणार नाही असं ओलं गोणपाट सोडा. पेटीतल्या फटीचे आकडे इथेच कळवा, म्हणजे वाळू किती वाढवायची आणि चुना लागेल का ते ठरवता येईल.