खुलासा: विंडोज १० बंद पडलेलं नाही

‘१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चालूच होणार नाही, लगेच ११ टाका, नाहीतर फायली जातील’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. त्या तारखेला मायक्रोसॉफ्टचा मोफत सपोर्ट संपला, एवढंच. कॉम्प्युटर पूर्वीसारखाच सुरू होतो आणि फायली जागच्या जागी राहतात. खरा धोका वेगळाच आहे: सुरक्षेतल्या नव्या त्रुटी आता आपोआप दुरुस्त होत नाहीत. त्यासाठी सेटिंग्जमधल्या ‘विंडोज अपडेट’मधून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करता येते. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे.

अशा मेसेजवर लोक विश्वास ठेवतात, यात त्यांचा दोष नाही. २०१६ मध्ये जुन्या विंडोजवरून विंडोज १० वर नेणाऱ्या अपग्रेडची खिडकी कोपऱ्यातली लाल फुली दाबून बंद केली, तरी तो होकार धरला जायचा आणि ठरल्या वेळी अपग्रेड सुरू व्हायचं. लोक भडकले, तेव्हा कुठे स्पष्ट नकार द्यायची सोय आली. हा सरळसरळ विश्वासघात होता.

विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही, म्हणून चांगलं चालणारं मशीन भंगारात काढायची घाई करू नका. आधी नोंदणी करा आणि फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा.