वॉलपोलच्या काळ्या खुर्च्या आपल्याकडच्या

जुन्या खुर्च्यांवरचा तुमचा लेख मनापासून आवडला. जुन्या ओकच्या खुर्च्यांचे सांधे लाकडी खुंट्या ठोकून कसे पक्के करत, हे छान उलगडलंय. पण अठराव्या शतकातला इंग्रज लेखक आणि संग्राहक होरेस वॉलपोल याच्या आबनुसी, म्हणजे काळ्या कठीण लाकडाच्या, खुर्च्यांना तुम्ही ‘ट्यूडर काळातल्या’ (इंग्लंडमधला १४८५ ते १६०३ चा काळ) म्हटलंय, ते मात्र दुरुस्त करा.

ती समजूत खुद्द वॉलपोलचीच. आठव्या हेन्री राजाचा मंत्री कार्डिनल वुल्झी याच्या, लंडनजवळच्या ईशरमधल्या जुन्या वाड्यात त्याला तशा खुर्च्या दिसल्या आणि त्या वुल्झीच्याच काळातल्या, असं त्याने ठरवून टाकलं. मग ट्विकनहॅमच्या आपल्या स्ट्रॉबेरी हिल या घरासाठी त्याने तसंच सामान जमवलं. त्याचं बघून इतर हौशी संग्राहकही अशा खुर्च्यांना अस्सल जुनं इंग्रजी काम समजू लागले. प्रत्यक्षात वुल्झी वारला १५३० साली, आणि या खुर्च्या घडल्या सतराव्या शतकात, आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावर, म्हणजे भारताच्या आग्नेय किनाऱ्यावर! ईस्ट इंडिया कंपन्यांच्या व्यापारातून त्या युरोपात गेल्या.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मी अशी एक खुर्ची अगदी जवळून पाहिली आहे. पिळाचे कातीव दांडे, पाठीच्या पट्टीवर बोटभरही जागा मोकळी न सोडता कोरलेली पानंफुलं. आबनूस इतकं कठीण की पटाशीची धार सारखी लावावी लागत असणार. त्या कारागिरांची नावं कुठे नोंदलेली नाहीत याचं फार वाईट वाटतं. निदान त्यांचा किनारा तरी लेखात यायला हवा.