दोन गुंठे, सत्तावन्न फूट

दर दोन-तीन महिन्यांनी महाराष्ट्रातून एक व्हिडिओ फिरत फिरत इथे इंग्लंडमधल्या फोनवर येतो. हिंजवडीची नोकरी सोडलेलं जोडपं, मुळशीकडे नाहीतर कोकणात घेतलेले दोन गुंठे, मातीच्या भिंती, छपरावर सोलर, अंगणात अळूचा वाफा. खाली ठरलेलं भांडण. एक बाजू म्हणते, जगावं तर असं, ईएमआयच्या घाण्यातून सुटले एकदाचे. दुसरी म्हणते, बापाचा फ्लॅट आहे कोथरूडला, म्हणून ही चैन परवडते. दोघांचंही सगळं बोलणं त्या जोडप्याच्या धाडसाबद्दल. त्यांचा संडास कुठे रिकामा होतो, हे कोणी विचारत नाही.

इंग्लंडच्या कालव्यांवर बोटीत राहणारी दोन माणसं भेटली की बोलणं बहुधा तिथूनच सुरू होतं. नोकरी आणि भाड्याचं घर या चाकोरीबाहेर स्वस्तात राहायची इथली ही जुनी रीत. तिच्याकडे नीट पाहिलं तर आपल्याकडच्या भांडणात नेमकं काय सुटतंय ते दिसतं.

या बोटींना नॅरोबोट म्हणतात. इथली बरीच लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद, अठराव्या शतकात बांधली, ती सात फूट रुंदीची. म्हणून बोट सहा फूट दहा इंच. सत्तर फूट लांबीही चालते, पण उत्तरेकडची काही लॉक आखूड आहेत. जवळपास सगळीकडे फिरायचं तर ५७ फूट धरतात. पुढचा-मागचा उघडा भाग आणि इंजिन वजा केलं की आत अडीचशेएक चौरस फूट उरतात. चाळीतल्या दोन खोल्या एकामागे एक जोडून पाण्यात सोडाव्यात, तसं.

इंग्लंड आणि वेल्समधले साधारण २,००० मैल जलमार्ग २०१२पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. बोटीला परवाना लागतो. १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार तो दोन रीतींनी मिळतो: एकतर बोट बांधायची कायमची हक्काची जागा दाखवा, नाहीतर खरोखर प्रवास करत राहा आणि एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. दुसरी रीत स्वस्त, कारण जागेचं भाडं वाचतं. गंमत अशी की किती लांब जायचं हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. वर्षभरात १५-२० मैलांच्या आतच घुटमळणाऱ्याची खात्री पटणार नाही, असं ट्रस्ट सांगते. अर्थात लेकरांची शाळा एका गावात असलेल्यांची इथेच कोंडी होते. त्यात एप्रिल २०२४पासून जागा नसलेल्या बोटींच्या परवान्यावर ५ टक्के अधिभार लागला. तो दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवत २०२८मध्ये २५ टक्क्यांवर न्यायचा बेत आहे. यावरून इथे जे वाद चाललेत, त्यात 'धाडस' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. नळ किती, मैला टाकायच्या जागा किती बंद पडल्या, वाद त्यावर असतो.

आता खर्च. चांगल्या स्थितीतली जुनी बोट चाळीस ते सत्तर हजार पौंडांना पडते. साधं गृहकर्ज मिळत नाही आणि घरासारखी किंमतही वाढत नाही. घेण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घेणं भाग आहे. नव्या बोटीचा तळ १० मिलिमीटर, बाजू ६, केबिन ४ असतं. कुठे ४ मिलिमीटरखाली आलं की विमेवाले नाक मुरडतात, मग वरून दुसरा पत्रा वेल्ड करायचा, म्हणजे काही हजार पौंड गेले. दर दोन-तीन वर्षांनी तळाला डांबरी लेप लागतो. सोबत मॅग्नेशियमच्या वड्या बसवतात. बोटीच्या आधी त्या गंजतात, हेच त्यांचं काम. समुद्रासाठीच्या जस्ताच्या वड्या गोड्या पाण्यात फारशा उपयोगाच्या नाहीत, तरी स्वस्त मिळाल्या म्हणून लावणारे असतातच. शिवाय दर चार वर्षांनी गॅस, वायरिंग, इंधनाची सुरक्षा तपासणी. ती नसेल तर परवाना नाही.

विजेचं गणित सगळ्यात शिकण्यासारखं आहे. १२ व्होल्टचा फ्रिज, दिवे, पंप, लॅपटॉप मिळून दोघांना दिवसाला ८० अँपिअर-तास लागतात, म्हणजे साधारण एक युनिट. ११० अँपिअर-तासांच्या तीन लेड-ॲसिड बॅटऱ्या घेतल्या तर कागदावर ३३० होतात, पण निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत, म्हणून हाती १६५. दोन दिवसांची बेगमी. छपरावर आडवे टाकलेले ४०० वॉटचे पॅनेल जूनमध्ये दीड युनिट देतात. डिसेंबरमध्ये जेमतेम ०.२. मग इंजिन चालवायचं. इतर बोटींजवळ रात्री आठ ते सकाळी आठ ते चालवायला मनाई आहे.

इथेच नवखे फसतात. तासभर इंजिन चाललं, मीटरवर १४.४ व्होल्ट दिसले, की बॅटरी भरली असं समजून बंद करतात. लेड-ॲसिडमध्ये शेवटचे वीस टक्के भरायला चार-चार तास लागतात. बघायचा तो व्होल्टेज नाही, आत जाणारा करंट: ३३०च्या संचाला तो ४ ते ६ अँपिअरवर उतरला की समजावं भरली. रोज अर्धपोटी ठेवलेल्या बॅटरीच्या पाट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि पाच-सहा वर्षं चालायची ती दीड-दोन वर्षांत मरते. लिथियम घेतली तर हा त्रास नाही, पण ती इंजिनावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरकडून इतका करंट ओढते की तो तापून जळतो. मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा. आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, म्हणून ती केबिनच्या आत ठेवायची.

ऊब कोळशाच्या स्टोव्हची. साधा दगडी कोळसा पोत्यांतून विकायला इंग्लंडमध्ये मे २०२१पासून बंदी आहे, त्यामुळे बिनधुराचा वापरतात. ऐन थंडीत २५ किलोचं पोतं तीन दिवसांत संपतं. दोन माणसांचा श्वास आणि शिजणाऱ्या भाताची वाफ थंड पोलादावर पाणी होऊन बसते. गादी उचलली की खाली बुरशी. गादीखाली फळ्यांच्या पट्ट्या टाकून हवा खेळती ठेवणं हा त्यावरचा इलाज. वाऱ्याच्या झोताला कंटाळून भिंतीतल्या जाळ्या चिंध्यांनी बुजवणं मात्र जीवघेणं. स्टोव्हचा कार्बन मोनॉक्साइड आत कोंडतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. त्याचा अलार्म बोटीत असणं आता सुरक्षा तपासणीतच सक्तीचं आहे.

आणि संडास. कॅसेट संडासाची टाकी वीसएक लिटरची. दोघांना तीन-चार दिवस पुरते, मग ती चाकांवर ओढत ट्रस्टच्या एल्सन पॉइंटवर न्यायची आणि तिथल्या मोठ्या भांड्यात ओतायची. तो पॉइंट नादुरुस्त असला आणि पुढचा आठ मैलांवर असला, तर त्या दिवशी दुसरं काम होत नाही: ताशी चार मैलांची वेगमर्यादा, वर मधली लॉक, प्रत्येकाला पंधरा मिनिटं. म्हणून अनेकांनी मूत्र आणि मैला वेगळा करणारे कोरडे संडास बसवले. पण कुजायला वर्षभर लागतं, आणि तेवढे डबे बोटीवर ठेवणार कुठे? लोक अर्धवट कुजलेलं पिशवीत बांधून ट्रस्टच्या कचराकुंडीत टाकू लागले. ट्रस्टने तेही बंद केलं.

स्वस्त जगण्याचा हा खरा ताळेबंद. भाडं नाही, फिरत्या बोटीला बहुधा कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टीही नाही, पण पाणी भरणं, मैला ओतणं, कोळसा आणणं आणि बोट हलवणं यांत आठवड्याचा जवळजवळ एक दिवस जातो. त्यातही पाणी आणि मैल्याची सोय सार्वजनिक असते. ते नळ बंद झाले तर कोणाचंही साधं राहणं आठ दिवस टिकणार नाही. २०२५च्या उन्हाळ्यात पाऊस रुसला, तेव्हा लीड्स-लिव्हरपूलसारख्या कालव्यांवरची लॉक बंद ठेवावी लागली आणि फिरण्याची अट असलेले लोक जागीच अडकले.

हाच हिशेब त्या दोन गुंठ्यांवर मांडून बघू. विजेत महाराष्ट्र कितीतरी सुखी. ते ४०० वॉटचे पॅनेल पुण्यात डिसेंबरमध्येही दीड युनिट देतील. अडचण पडली तर जुलैत. पाण्याचं तसं नाही. ५० चौरस मीटर छपरावर कोकणात ३,००० मिलिमीटर पाऊस पडला तर दीड लाख लिटर येतं, पण चार महिन्यांत. पुढच्या आठ महिन्यांना, दोघांना रोज २०० लिटर धरले, तर ४८,००० लिटरची टाकी लागते. ती टाकी मातीच्या घराएवढीच महाग पडू शकते. देशावर ६०० मिलिमीटरला, गळती-बाष्पीभवन धरून, वर्षाचे २४,००० लिटर हाती येतात, म्हणजे चार महिन्यांचं पाणी. उरलेले आठ महिने टँकर. व्हिडिओत टँकर नसतो.

कायद्याची बाजू तर त्याहून नाजूक. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि तुकडेबंदीत २०२३पासून बऱ्याच जिल्ह्यांत किमान क्षेत्र बागायती १० गुंठे, जिरायती २० गुंठे आहे. शेतजमिनीचे दोन गुंठे विकणारे दलाल म्हणून दहा जणांची नावं एका सातबाऱ्यावर सामाईक चढवून देतात. हद्द कागदावर कुणाचीच नाही. पुढे एकाला विकायचं झालं की बाकीच्या नऊ जणांच्या पाया पडा. चौदा दिवसांनी बोट हलवण्यापेक्षा ही अनिश्चितता मोठी आहे.

संडासात मात्र आपण पुढे आहोत आणि आपल्यालाच ते ठाऊक नाही. बोटवाले हजार पौंडांना विकत घेतात त्या कोरड्या संडासाचा भाऊबंद कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी कित्येक दशकांपूर्वी करून दाखवला. मैल्यावर माती-पालापाचोळा टाकायचा, एक कप्पा भरला की बंद करून दुसरा वापरायचा, कुजलं की सोनखत. भंगीमुक्तीसाठी केलेलं काम ते. बोटीवर जे साधत नाही, कारण जागा नाही, ते दोन गुंठ्यांवर सहज साधतं. फक्त खड्डा विहिरीपासून किमान दहा मीटर लांब हवा, आणि भूजल वर येणाऱ्या कोकणात तो जमिनीच्या वर बांधायचा. नाहीतर श्रावणात सगळं विहिरीत.

वर्क व्हिसावर आलेल्या आपल्या मंडळींनी बोटीचा नाद सांभाळून करावा. स्पॉन्सर करणाऱ्या कंपनीला तुमचा राहता पत्ता नोंदीत ठेवावा लागतो, आणि 'ग्रँड युनियन कालवा, पुलाजवळ, पुढच्या मंगळवारपर्यंत' हा पत्ता एचआरच्या फॉर्मात बसत नाही. डॉक्टरकडे नाव घालायला मात्र पत्त्याचा पुरावा लागत नाही. मतदारयादीतही, ठावठिकाणा नसलेल्याने आपला संबंध कुठल्या भागाशी आहे ते लिहून दिलं की नाव येतं.

घराविना, ठरल्या नोकरीविना, कमीत कमी सामानात जगणारी माणसं महाराष्ट्रातही पिढ्यान् पिढ्या आहेत. पाल ठोकणारे गोसावी, बहुरूपी, नंदीवाले, वैदू. त्यांचा व्हिडिओ कोणी पुढे पाठवत नाही. भटक्यांसाठी नेमलेल्या इदाते आयोगाने २०१८मध्ये जे लिहिलं, त्यातला मोठा भाग कागदपत्रं नसण्याबद्दल आहे: रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही, कारण पत्ता नाही. मतदार होण्याची सोय आहे. बेघर माणसाने अर्ज केला की निवडणूक अधिकारी त्याने सांगितलेल्या जागी रात्री येऊन बघतो, तो खरंच तिथे झोपतो का, आणि एका रात्रीवर भागत नाही, त्याला पुन्हा यावं लागतं. तोवर पाल पुढच्या गावाला गेलेलं असतं.