कृष्णेला फक्त ऑगस्टमध्ये आठवू नका

पावसाळा लागला की सांगलीत सगळ्यांच्या मोबाईलवर एकच मेसेज फिरायला लागतो, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट? ३५ झालं, ३८ झालं, ४० ला इशारा, ४५ ला धोका, कोयना धरणातून किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती चाललंय. शाळेतल्या पोरांनाही हे आकडे पाठ झालेत. आणि परवा आमच्या अपार्टमेंटमधल्या पोरांना सहज विचारलं, विष्णू घाटावर कोण कोण गेलंय? एकानेही हात वर केला नाही. नदी घरापासून चालत पंधरा मिनिटं. लय वाईट वाटलं, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

आमचं लहानपण घाटावरच गेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे आप्पा, म्हणजे आमचे आजोबा, घरातल्या सगळ्या चुलत-आते भावंडांना उठवायचे आणि सरकारी घाटावर न्यायचे. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि पाण्यात सोडायचं, झाला पोहण्याचा क्लास सुरू. डब्याची गाठ मात्र आप्पा स्वतः मारणार, काकांनासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. थोडे दिवस गेले की डब्यात तांब्याभर पाणी ओतायचे, मग अजून थोडं, मग अजून, म्हणजे डबा हळूहळू कमी तारायला लागतो आणि पोराला कळतपण नाही की आता आपण आपल्याच हातापायांवर तरंगतोय. एक दिवस डबा काढूनच टाकायचे. मी आजपर्यंत यापेक्षा चांगली शिकवण्याची पद्धत बघितलेली नाही, आणि हे मी मनापासून सांगतोय.

पोहून झालं की अशी भूक लागायची की काय सांगू, ओल्या चड्डीवरच पायरीवर बसून भडंग खायचं, वर कच्चा कांदा. मग चपटे दगड शोधायचे आणि पाण्यावर कुणाचे किती टप्पे पडतात त्यावर भांडणं. बंधाऱ्याकडे जायचं नाही, हा एकच नियम होता आणि तो कुणी मोडायचं नाही. पलीकडच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, वांग्यांचे प्लॉट दिसायचे. कृष्णाकाठच्या वांग्याची चव पुरानं आणून टाकलेल्या गाळाची आहे हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही, मळीतून चालताना पाय घोट्यापर्यंत रुतायचे तेव्हाच कळलं.

आणि श्रावणातले सोमवार! हरिपूरला संगमेश्वराची जत्रा असायची, घरातले सगळे चालत. रस्त्याच्या दोन्ही बाजूला जुनी चिंचेची झाडं, पाऊस भुरभुरतोय, पुढं आज्जी आणि तिच्या मैत्रिणी, मागं आम्ही पोरं चिखल उडवत. वाटेत आप्पा हळदीची पेवं कुठं कुठं आहेत ते दाखवायचे, जमिनीच्या पोटात खोल खड्डा घेऊन त्यात हळद साठवायची, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात त्यातल्या कितीतरी पेवांत पाणी गेलं आणि ती बाद झाली. देवळामागं कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं उभं राहून आप्पा विचारायचे, सांगा बघू वारणेचं पाणी कुठलं? रंगावरून ओळखायचं. भोवरा कुठं आहे, ओढ कुठल्या बाजूला आहे, कुठं पाणी शांत दिसतं पण तिथंच जायचं नसतं, सगळं त्या कट्ट्यावर उभं राहून शिकलो.

पाणी चढतंय का उतरतंय हे बघायला आप्पा कडेला एक काडी रोवून ठेवायचे आणि अर्ध्या तासानं परत बघायला लावायचे. घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्यात ते आम्ही शाळेत जाताना मोजायचो. आता ॲपवर फूट कळतात, चांगलंच आहे, पण ४३ फूट म्हणजे नक्की कुठली पायरी, कुठली गल्ली, हे डोळ्यासमोर यायला नदी आधी कोरडी असताना बघितलेली लागते ना! २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा भल्याभल्यांचे अंदाज चुकले हे मान्य, कारण तसा पूर कुणी बघितलाच नव्हता. जवळच्या ब्रह्मनाळ गावात त्या पुरात बोट उलटून १७ माणसं गेली, ते दिवस अजून आठवले तरी पोटात खड्डा पडतो. २०२१ ला परत मोठा पूर. त्यानंतर लोकांच्या मनात नदीची फक्त भीती राहिली, आणि ज्या पोरांनी नदी कधी बघितलीच नाही त्यांना तर भीतीशिवाय दुसरं काही मिळालंच नाही. याचंच मला जास्त दुःख आहे.

बरेच आईवडील म्हणतात, पाठवायचं कुठं, त्या घाण पाण्यात? त्यांचं बरोबर आहे. शेरीनाल्याचं मैलापाणी आपण लहान होतो तेव्हापासून नदीत मिसळतंय, ते उचलून धुळगावला शेतीला द्यायची योजना झाली, तरी नाल्याचा प्रश्न आजही प्रत्येक निवडणुकीत नव्यानं निघतो. मेलेल्या माशांचा खच पाण्यावर तरंगलेला आपण सगळ्यांनी बघितलाय, वासानं उभं राहवत नव्हतं. वर आता मगरींचीपण भीती आहे, त्यामुळं पोरांना पाण्यात उतरवा असं मी अजिबात म्हणत नाही. पण पूर आला की सगळं गाव पुलावर सेल्फी काढायला जातं आणि नाल्यासाठी निवेदन द्यायला ठराविकच चारपाच माणसं दिसतात, हे बदलायला पाहिजे. ज्यानं त्या पाण्यात डुबकी मारलीय तो नाला बघून चिडतो. ज्यानं कधी पायच बुडवला नाही तो कशाला चिडेल? आपल्या पोरांना नदीची ओळखच करून दिली नाही तर अजून वीस वर्षांनी तिच्यासाठी भांडणारं कुणी शिल्लक राहणार नाही.

म्हणून आम्ही अपार्टमेंटमधल्या काही जणांनी ठरवलंय. येत्या श्रावणात पहिल्या सोमवारी पोरांना घेऊन हरिपूरपर्यंत चालत जायचं, गाड्या घरी ठेवून. संगमावर पोरांना दोन्ही पाणी दाखवायचं, एखादं पेव दिसलं तर तेही, आणि येताना शेरीनाला जिथं मिसळतो ती जागापण दाखवायची, लपवायची नाही. ज्यांना यायचंय त्यांनी खाली कमेंट करा. आणि घरात ऐंशीच्या आसपासचे आजी-आजोबा असतील, ज्यांनी जुने पूर बघितलेत, चालवत नसेल तर रिक्षाने आणू, पण त्यांना नक्की घेऊन या.