आभासी वास्तव, गुणांकन आणि जखमींची वर्गवारी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपत्कालीन पथकांच्या आभासी प्रशिक्षणावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत : डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये ना आगीची धग लागते, ना पाण्याच्या नळीचे (होजचे) वजन कळते, गुणांच्या नादाने जवान काम शिकण्याऐवजी खेळ जिंकायला शिकतो, आणि जिथे धुरात शिरताना लावायचे श्वसनसंचही धड नाहीत तिथे हे खूळ कशाला.

तिसरा आक्षेप मला मान्यच आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर श्वसनसंच घ्यावेत.

पहिल्याबाबत इतकेच सांगतो की ऑस्ट्रेलियातील डीकिन विद्यापीठातून पुढे आलेल्या ‘फ्लेम ट्रेनर’मध्ये तापणारे जाकीट आणि मागे रेटणारी नळी असते, तरीही ती धग खरी नव्हे, हे मीही जाणतो. माझा भर मात्र आगीवर नव्हता, तर मोठ्या अपघातातील जखमींच्या वर्गवारीवर, म्हणजे ट्रायजवर होता. कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीचचे अग्निशमन दल आणि होग रुग्णालय यांनी १९८३ मध्ये बसवलेली ‘स्टार्ट’ पद्धत घ्या. चालू शकणाऱ्यांना आधी बाजूला बोलावून हिरवा टॅग द्यायचा. उरलेल्यांपैकी श्वासमार्ग मोकळा करूनही ज्याचा श्वास सुरू होत नाही त्याला काळा (वाचण्याची आशा नाही), श्वासमार्ग मोकळा केल्यावरच श्वास सुरू झाला असेल, श्वास मिनिटाला ३० हून अधिक असेल, मनगटाची नाडी लागत नसेल किंवा साधी सूचना पाळता येत नसेल, तर लाल (उपचार सर्वांत आधी), बाकीच्यांना पिवळा (थोडा वेळ थांबू शकतात). हे पाठ करणे सोपे आहे. पण मॉक ड्रिलमध्ये पडून राहिलेला स्वयंसेवक मिनिटाला ३६ श्वास फार वेळ घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या अंगावर आकड्यांचे कार्ड ठेवतात आणि जवान जखमी पाहण्याऐवजी कार्ड वाचतो. हेडसेटमध्ये छाती वरखाली होताना दिसते, श्वास मोजावेच लागतात, आणि शेजारी कोणी किंचाळत असताना काळा टॅग लावून पुढे सरकण्याचा सराव हवा तितक्या वेळा करता येतो. (नाडी तिथे बोटांना लागत नाही, पडद्यावर आकडा येतो; ही उणीव मोठी आहे.)

ब्रिटनमध्ये अशाच वर्गवारीचा सराव एका गटाने कार्डांवर, तर दुसऱ्याने ‘ट्रायज ट्रेनर’ या संगणकीय खेळावर केला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत खेळावरील गट अधिक अचूक ठरला, वेगात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. तो खेळ हेडसेटचा नव्हता, त्यामुळे त्यावरून मी फार मोठा दावा करत नाही.

दुसरा आक्षेप मात्र आपण मांडला आहे त्याहूनही गंभीर आहे. वेगाला गुण दिले की जवान श्वास न मोजता अदमासे टॅग लावतो, आणि अकारण लाल लावल्याचे गुण कापले नाहीत तर तो दिसेल त्याला लाल लावून मोकळा होतो. मग पहिली रुग्णवाहिका कोणाला द्यायची, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. म्हणून माझ्या मते वेगाला स्वतंत्र गुण नसावेत, अकारण लालला दंड असावा, आणि एकाच जखमीपाशी रेंगाळून मलमपट्टी करत बसणाऱ्यालाही असावा. सर्वांसमोर क्रमवारी लावण्याऐवजी प्रशिक्षकाने चित्रण थांबवून ‘इथे लाल का?’ असे विचारलेले बरे.

केवळ हेडसेटवर तयार झालेला जवान मी घटनास्थळी पाठवीन का, असे आपण शेवटी विचारले आहे. नाही पाठवणार. त्याला हातमोजे घालून, अंधारात, जिवंत माणसाची नाडी शोधता आली पाहिजे, आणि ते शिकवायला आपल्यासारखा प्रशिक्षकच लागतो.